तिसरा रकाना

उज्जैन, मंगळवार, ७ मे २०२४. लोकसभेच्या प्रचारसभांच्या फिती तपासणाऱ्या पथकातला एक दिवस.

पहाटे ५.३०

नळाला पाणी येण्याची वेळ. गंभीर धरणातलं पाणी उन्हाळ्यात मोजून सोडतात, त्यामुळे नळाचा दिवस चुकवून चालत नाही. पिंप भरेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी घरच्या ग्रुपवरचे निरोप वाचते. आमची माणसं उज्जैन, इंदूर, पुणे, नागपूर अशी पांगलेली. एरवी ग्रुपवर वाढदिवस, गुडघेदुखीवरचे उपाय आणि गणपतीचे फोटो. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि ग्रुपचा सूरच पालटला.

काल रात्री धाकट्या भाऊजींनी एका भाषणाचा तुकडा टाकला होता. त्याखाली पुण्याच्या भाच्याने एकच शब्द लिहिला, 'अंधभक्त'. भाऊजींचं उत्तर आलं, 'अर्बन नक्षल'. ज्या मामाच्या मांडीवर बसवून या मुलाचं जावळ काढलं, त्या मामा-भाच्यांत पुढचा तासभर असेच शब्द झडत होते. भाषणात काय म्हटलं होतं, ते खरं की खोटं, यावर एक ओळ नाही. साडेअकराला इंदूरच्या वन्सं ग्रुपमधून बाहेर पडल्या. भाचा त्यांचाच मुलगा.

मी इतिहासाची शिक्षिका. निवडणूक लागली की आम्हा मास्तर मंडळींना कामं नेमून मिळतात. माझ्याकडे यंदा सभांच्या फिती बघायचं काम आलं आहे. त्यामुळे हे शब्द कुठून सुटतात ते मला रोज दिसतं. मंचावर सुटलेला शब्द घरातल्या पंगतीत यायला फार दिवस लागत नाहीत.

सकाळी ७.३०

आप्पांचा चहा. माझे सासरे ८८ वर्षांचे आहेत. ८५च्या वरच्या मतदारांना यंदा घरूनच मत देता येतं, पण त्यांनी १२-डीचा अर्ज भरू दिला नाही. "पाय चालतायत तोवर रांगेत उभा राहीन," एवढंच म्हणाले.

रात्रीचा प्रकार त्यांच्या कानावर घातला. आप्पा १९५६-५७ साली पुण्यात शिकायला होते, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात असताना. त्यांनी यशवंतराव चव्हाणांचा विषय काढला. महाराष्ट्र आणि नेहरू यांतलं एक निवडायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन, अशा अर्थाचं यशवंतराव बोलले आणि विरोधकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. रायगड मोगलांच्या हाती देणारा फितूर म्हणून मराठी मनात रुतलेलं ते नाव. सभांमध्ये ते नाव निघालं की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, आणि त्या टाळ्यांत आपणही होतो, असं आप्पा सांगतात.

"त्यांनी द्वैभाषिक राज्याला पाठिंबा दिला होता," आप्पा म्हणाले. "त्यावर बोलायला हवंच होतं, आणि लोक बोललेही. त्या टीकेला जागा होती, तारीख होती, निर्णय होता. त्याचं उत्तर यशवंतरावांना द्यावं लागलं. पण माणसाला पिसाळ म्हटलंस की त्याने उत्तर कशाचं द्यायचं?"

१ मे १९६० ला त्याच यशवंतरावांच्या हातून मराठी राज्य उभं राहिलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर तेच देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. शिक्का मारणाऱ्यांपैकी कोणाला तो पुसायला मात्र सवड झाली नाही. आप्पांच्या बोलण्यातला 'जागा, तारीख, निर्णय' हा क्रम मी मनाशी घोळवतच घराबाहेर पडले.

सकाळी ९.१५

फ्रीगंजचा टॉवर चौक ओलांडून कोठी रोडकडे जायचं. रस्त्यावर पंचक्रोशीचे यात्रेकरू. यात्रेचे शेवटचे दिवस आहेत. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडे बळ मागायचं, वैशाखाच्या उन्हात ११८ किलोमीटर चालायचं आणि परत आल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करायचं, अशी इथली रीत. डोक्यावर गाठोडं, हातात काठी, तळपायांना फडकी बांधलेली. बायका जास्त. बडनगर, तराणा, महिदपूर, खाचरोदकडची ही माणसं. मी ज्या फिती बघते त्यांत खुर्च्यांवर बसलेली दिसतात ती हीच.

रसाच्या गाडीपाशी एका घोळक्यात थोडा वेळ थांबले. बोलणं चाललं होतं ते सोयाबीनचं. या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये आणि बाजारात त्याहून कमी. घरात पोती ठेवून किती दिवस वाट बघायची? दुसरी बाई विहिरीच्या तळाला गेलेल्या पाण्याबद्दल सांगत होती. निवडणुकीचा विषय निघाला तेव्हा एकाने विचारलं, की आमच्या गावचा रस्ता कोणाच्या यादीत आहे? 'देशद्रोही', 'फॅसिस्ट', 'गद्दार' यांतला एकही शब्द त्या घोळक्यात निघाला नाही. पुढच्या सात-आठ तासांत हे शब्द मी पुन्हा पुन्हा ऐकणार होते.

सकाळी १०.००

कामाची पद्धत सांगते. निवडणूक आयोगाने खर्चावर नजर ठेवण्यासाठी प्रत्येक मतदारसंघात पथकं नेमली आहेत. व्हिडिओ निगराणी पथक सभेला जाऊन चित्रीकरण करतं. आमचं व्हिडिओ अवलोकन पथक त्या फिती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी बघून नोंदी करतं. नोंदी लेखा पथकाकडे जातात, तिथे प्रत्येक उमेदवाराच्या नावाने एक वेगळं रजिस्टर असतं आणि उमेदवाराने दिलेला हिशेब त्याच्याशी ताडून बघतात. लोकसभेसाठी खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये.

चित्रीकरण सुरू करताना कॅमेरामनला आधी स्वतःच्या आवाजात बोलावं लागतं: तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग मंचाची लांबी-रुंदी, खुर्च्या किती, गाड्या किती आणि त्यांचे नंबर, बॅनर केवढे, भोंगे किती. आमच्या टेबलावर दरपत्रक असतं. खुर्चीचा दर, चहाचा दर, फुलांच्या हाराचा दर, कुलरचा दर. लेखा शाखेतून आलेले बाबूजी इतके तरबेज आहेत की फीत थांबवून मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्याही मोजतात. रिकामी असली तरी भाड्याने आणलेली आहे, तिचा खर्च लागतो.

आचारसंहितेचा भंग दिसला तर तोही कळवायचा, हे आमचं दुसरं काम. संहितेच्या पहिल्याच भागात लिहिलं आहे, की दुसऱ्या पक्षावर टीका करायची तर ती त्याची धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरतीच असावी. वाक्य स्वच्छ आहे. पण खुर्च्यांसाठी रकाना आहे तसा या वाक्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. 'शेरा' म्हणून एक ओळ तेवढी आहे.

म्हणून मी माझ्यापुरती एक वही घातली आहे. तीन रकाने. पहिल्यात मंचावरून उच्चारलेला शब्द, दुसऱ्यात तो कोणाला उद्देशून, तिसऱ्यात त्या माणसाने किंवा पक्षाने काय केलं असा वक्त्याचा आरोप आहे: कृत्य, ठिकाण, तारीख, पुरावा. कामात बघितलेल्या सभांची गावं आणि वक्त्यांची नावं मी इथे देणार नाही. पुढे नावं येतील ती सार्वजनिक नोंदीतली.

सकाळी ११.३०

पहिली फीत, काल संध्याकाळची. गावातल्या शाळेच्या पटांगणात मंच, दीडेकशे खुर्च्या. वक्ता रंगात आलेला. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उभा राहतो. डोक्याला साफा, काखेत कापडी पिशवी. "सोयाबीन को भाव तो बताओ, साब." आवाज माइकवर नाही, पण ऐकू येतो.

वक्ता थबकतो. क्षणभर त्याच्याकडे उत्तर असावं असं वाटतं, कारण तो शेजारच्याकडे बघतो. मग माइक जवळ ओढून म्हणतो, की काका, भावाचं बघू, पण आधी सांगा, देश देशद्रोह्यांच्या हातात द्यायचा आहे का? मागून पोरं उठतात, घोषणा सुरू होतात. कॅमेरा घोषणांकडे वळतो. तो परत पुढे येतो तेव्हा म्हातारा खाली बसलेला असतो आणि पिशवी मांडीवर घेऊन मंचाकडे बघत असतो.

मी तो भाग तीनदा बघितला. सभेत रागावलेलं कोणी नव्हतं, वक्ताही नाही. त्याने तो शब्द चिडून वापरला नाही; अडचणीच्या प्रश्नातून सुटायला वापरला. पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाला ४६०० रुपयांचा प्रश्न विचारल्याबद्दल आपण देशाच्या विरुद्ध तर बोललो नाही ना, अशी धास्ती वाटली असेल. मंचावरून प्रतिस्पर्ध्याला मारलेला शिक्का समोर बसलेल्या माणसाचं तोंड बंद करतो, हे या कामात मला शिकायला मिळालं.

वहीत लिहिलं. पहिला रकाना: देशद्रोही. दुसरा: समोरचा पक्ष. तिसरा रिकामा. पूर्ण भाषणात कोणी, कधी, कोणतं कृत्य केलं याबद्दल एक वाक्य नव्हतं.

दुपारी १.३०

डबा खायला बसलो तर ऑपरेटरच्या मोबाइलवर खरगोनची सभा. पंतप्रधानांच्या आज खरगोन आणि धारला सभा. देशात 'व्होट जिहाद' चालणार की रामराज्य, हे तुम्ही ठरवायचं आहे, असं ते खरगोनला म्हणाले.

या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. २९ एप्रिलला उत्तर प्रदेशात फर्रुखाबादकडच्या प्रचारात समाजवादी पक्षाच्या एका महिला नेत्याने स्वतःच मुस्लिम मतदारांना 'व्होट जिहाद' करा असं आवाहन केलं. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. तिथे तारीख, माणूस, वाक्य सगळं होतं. टीका करायला पुरेसं कारण होतं. पण आठ दिवसांत तो शब्द एका व्यक्तीच्या एका वाक्यातून सुटला आणि मध्य प्रदेशात एका अख्ख्या समाजाच्या मतदानाला चिकटला. (नंतरची भर: सहा महिन्यांनी महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत तो मराठी सभांमध्येही घुमला.) एकाने केलेल्या कृत्याचं नाव हजारो न केलेल्यांच्या माथी कसं जातं, त्याचं इतकं लख्ख उदाहरण मी वर्गात शिकवलेलं नाही.

बाबूजी मूळचे आगरचे. त्यांना २०१९ आठवलं. १२ मे २०१९ ला तमिळनाडूत कमल हासन यांनी स्वतंत्र भारतातला पहिला दहशतवादी हिंदू होता, असं नथुराम गोडसेबद्दल म्हटलं. चार दिवसांनी, १६ मे रोजी, भोपाळच्या भाजप उमेदवार प्रज्ञा ठाकूर प्रचारासाठी आगर-माळव्यात असताना त्यांना यावर विचारलं गेलं आणि त्यांनी गोडसेला देशभक्त म्हटलं. संध्याकाळपर्यंत माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी आपण त्यांना मनापासून माफ करू शकणार नाही, असं सांगितलं. १९ मे रोजी उज्जैन आणि देवासचं मतदान होतं. प्रचाराचे ते अखेरचे दिवस गोडसेला कोणतं विशेषण लावायचं यातच गेले, असं बाबूजी म्हणाले. "हमारे यहाँ पानी का टँकर तीसरे दिन आ रहा था, मॅडम. उसका किसी ने पूछा ही नहीं."

दुपारी ३.००

दुसरी फीत, दुसऱ्या बाजूची सभा. इथे प्रश्न विचारणारा तरुण आहे. सरकारी भरतीच्या परीक्षा कधी होणार आणि तुमच्या पक्षाने मागे दिलेल्या आश्वासनांचं काय झालं, असं तो विचारतो. प्रश्न अवघड आहे, कारण दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर मंचावरच्यांनीच द्यायचं आहे. वक्ता म्हणतो, की हा लढा फॅसिस्टांशी आहे, हिटलरच्या वारसांशी आहे, आणि त्यांना मत देणारे गुलाम आहेत. टाळ्या पडतात. पण या फितीत मला एक गोष्ट दिसली. 'गुलाम' म्हटल्यावर मधल्या रांगेतली दोन माणसं उठून निघून गेली. गेल्या वेळी त्यांनी कोणाला मत दिलं असेल ते वक्त्याला दिसलं नाही. ज्याला पटवून आपल्याकडे आणायचं, त्यालाच त्याने शिव्या दिल्या होत्या.

तिसरा रकाना याही वेळी रिकामा राहिला.

दोन्ही बाजूंना सारखंच मापते आहे, हे काहींना आवडणार नाही. एकाचा धोका खरा आणि दुसऱ्याचा बनावट, असं प्रत्येकाला आपापल्या जागी वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की धोका खरा असेल तर तिसरा रकाना भरता यायला हवा. हुकूमशाही येते आहे असं वाटत असेल तर कोणता कायदा, कोणती अटक, कोणत्या संस्थेचा कोणता निर्णय, ते सांगा. कोणी देश तोडायला निघालं आहे असं वाटत असेल तर कोण, कुठे, कोणता खटला, ते सांगा. अशी भाषणंही मी बघितली आहेत. ती टोकदार असतात, झोंबतात, आणि ऐकणाऱ्याला पडताळून बघायला काहीतरी देतात. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. लोकशाहीला सौम्य भाषणांची गरज नसते, पडताळता येणाऱ्या भाषणांची असते.

शिक्का पडताळायला गेलं की काय होतं त्याचे दाखले सरकारच्याच दप्तरात आहेत. २५ सप्टेंबर २०२३ ला भोपाळच्या सभेत काँग्रेस आता अर्बन नक्षल चालवतात असं पंतप्रधान म्हणाले. पण अर्बन नक्षल ही संज्ञा आपलं मंत्रालय वापरत नाही, असं केंद्रीय गृहखात्याने २०२० मध्ये संसदेत सांगितलं होतं. 'टुकडे टुकडे गँग'बद्दल माहिती अधिकारात विचारलं तेव्हाही त्याच खात्याचं उत्तर होतं, की आमच्याकडे अशी माहिती नाही. दुसरीकडे काँग्रेसच्या नेत्यांनी आजच्या पंतप्रधानांना २००७ मध्ये 'मौत का सौदागर' म्हटलं, २०२२ मध्ये रावणाची उपमा दिली, २०२३ मध्ये विषारी साप म्हटलं. त्यातल्या प्रत्येक शब्दाने पुढचे कित्येक दिवस प्रचार त्या शब्दाभोवतीच फिरला आणि ज्या कारभारावर बोट ठेवायचं होतं तो कारभार बाजूला राहिला. शिक्का मारणारा स्वतःचाही मुद्दा बुडवतो.

दुपारी ४.३०

अहवाल घेऊन साहेबांकडे. खर्चाच्या नोंदी त्यांनी भरभर पाहिल्या. शेऱ्याच्या ओळीपाशी थांबले. "मॅडम, यात कलम कोणतं लावायचं?"

प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३-अ) मध्ये धर्म, जात, भाषा यांच्या आधारावर द्वेष पसरवणं हे भ्रष्ट आचरण आहे. कलम १२३(४) मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं तथ्य मांडणंही भ्रष्ट आचरण आहे. हे कायदे कागदावरच राहिले असंही नाही. डिसेंबर १९८७ मधल्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. पण निवडणूक झाल्यावर आठ वर्षांनी.

१२३(४) मधला 'तथ्य' हा मुद्दा मात्र मला रोज अडवतो. अमक्याने तमक्या दिवशी एवढी लाच घेतली, हे तथ्याचं विधान झालं; खोटं ठरलं तर बोलणारा अडकतो. अमका गद्दार आहे, यात तथ्यच नाही, तर खोटं काय ठरवणार? म्हणजे पुराव्यानिशी आरोप करणाऱ्याने जोखीम घ्यायची आणि नुसता शिक्का मारणाऱ्याने निर्धास्त राहायचं. माझ्या वहीतला तिसरा रकाना रिकामा राहतो तो विसराळूपणाने नव्हे. तो रिकामा ठेवण्यातच वक्त्याची सोय आहे.

आयोग कधी कधी हात उचलतो. मध्य प्रदेशात २०२० च्या पोटनिवडणुकांत कमलनाथ यांनी डबऱ्याच्या सभेत एका महिला उमेदवाराला 'आयटम' म्हटलं. प्रतिस्पर्ध्यांना माफिया, मिलावटखोर म्हटल्याच्याही तक्रारी होत्या. आयोगाने ३० ऑक्टोबरला त्यांचा स्टार प्रचारकाचा दर्जा काढला. २ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ३ नोव्हेंबरला मतदान होतं. कमलनाथ आणि दिग्विजय सिंह यांना 'चुन्नू-मुन्नू' म्हणणाऱ्या कैलास विजयवर्गीयांनाही त्याच प्रचारात आयोगाने समज दिली होती. यंदा २५ एप्रिलला आयोगाने भाजप आणि काँग्रेस दोघांच्या अध्यक्षांना स्टार प्रचारकांच्या भाषणांबद्दल नोटिसा काढल्या. (नंतरची भर: त्यावरचा आदेश २२ मे रोजी आला, तेव्हा देशातलं बहुतेक मतदान उरकलं होतं. उज्जैनचं तर केव्हाच.)

साहेबांनी फिती वरती पाठवायला सांगितल्या. खुर्च्यांचा हिशेब मात्र आज रात्रीच रजिस्टरला चढेल.

संध्याकाळी ६.००

आज राज्यातल्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान. ग्वाल्हेर, भोपाळ, विदिशा, आणि त्यांत गुना आणि राजगढ. गुन्यातून ज्योतिरादित्य शिंदे, राजगढमधून दिग्विजय सिंह. मतदानाची वेळ संपली तशी टीव्हीवर दोघांची छायाचित्रं लागोपाठ आली.

शिंदे आम्हा उज्जैनच्या मराठी माणसांच्या घरातला विषय. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा बांधलं, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर उभारलं. आमच्यासारखी घरं इथे रुजली ती शिंदेशाहीबरोबर. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ सरकार पडलं. पुढच्या २८ पोटनिवडणुकांत 'गद्दार' हा शब्द गावोगाव वाजला. सरकार पाडणं योग्य होतं का, मतदाराने एका चिन्हावर दिलेलं मत दुसऱ्या पक्षात नेता येतं का, पक्षांतरबंदी कायदा राजीनाम्याच्या वाटेने असा निष्प्रभ होऊ द्यायचा का, हे प्रश्न फार मोलाचे होते. त्यांची चर्चा व्हायला हवी होती. त्याऐवजी १८५७ मध्ये शिंद्यांनी काय केलं यावर सभा रंगल्या. भाजपने २८ पैकी १९ जागा जिंकल्या आणि पक्षांतराचा प्रश्न होता तिथेच राहिला. दोन वर्षांनी महाराष्ट्रात दुसऱ्या शिंद्यांच्या वाट्याला तोच शब्द आला. तिथेही पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाचा अर्थ काय, हे समजून घेण्याऐवजी लोकांच्या तोंडी खोक्यांची घोषणा बसली.

दिग्विजय सिंहांची गोष्ट वेगळी. जुलै २०१८ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्यांची काही कृत्यं देशद्रोहाच्या वर्गात मोडतात असं म्हटलं. २६ जुलैला दिग्विजय सिंह कार्यकर्त्यांसह भोपाळच्या टी.टी. नगर पोलीस ठाण्यात गेले. मी देशद्रोही आहे असं मुख्यमंत्री म्हणतात, तर मला अटक करा. पोलिसांनी पुरावा नसल्याचं सांगून त्यांना परत पाठवलं. राजकारण म्हणून त्यात देखावा होता, हे उघड आहे. पण तिसरा रकाना जाहीरपणे भरायला लावण्याचा तो प्रयत्न होता आणि राज्याच्या पोलिसांनाच तो कोरा ठेवावा लागला. दिग्विजय सिंहांच्या धोरणांवर, दहा वर्षांच्या कारभारावर, वीज आणि रस्त्यांवर टीका करायला भरपूर जागा होती आणि आहे.

रात्री ८.००

घरी जाताना माधव कॉलेजचा विषय बरोबरच्या शिक्षिकेने काढला. २६ ऑगस्ट २००६ ला विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून तिथे गोंधळ झाला, मारहाण झाली आणि प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा जीव गेला. खटला नागपूरला हलवला गेला. २००९ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. निवडणुकीतली चीड शब्दांवरून हातांवर यायला किती वेळ लागतो, हे उज्जैनला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ज्याला आपण महिनाभर शत्रू म्हणतो, त्याच्याशी शत्रूसारखं वागायला कोणी तरी तरुण, कुठे तरी, एक दिवस तयार होतोच. मंचावरचा वक्ता तेव्हा पुढच्या गावाला गेलेला असतो.

रात्री १०.००

भोंगे बंद व्हायची वेळ. ११ मेच्या संध्याकाळी सहाला इथला प्रचार थांबेल, १३ तारखेला मतदान. जेवणं उरकून वही पुढे घेतली आणि उद्या वर द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहिला. मागणी छोटी आहे. आमच्या तक्त्यात खुर्च्या, गाड्या, भोंगे यांच्या खाली तीन रकाने वाढवा: शब्द, कोणाला, कोणत्या कृत्याबद्दल. शिक्षा आम्ही मागत नाही. भरलेला तक्ता उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबासारखाच जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा, सभेच्या दुसऱ्या दिवशी. कोणाच्या भाषणात तिसरा रकाना भरला आणि कोणाच्या भाषणात कोरा राहिला, हे मतदाराला मतदानाआधी दिसू द्या. आयोगाचा आदेश अनेकदा मतदानानंतर पोचतो. हा तक्ता आधी पोचेल.

आयोग हे कधी करेल ते करेल. तोवर हे काम सभेत बसलेला कोणीही करू शकतो, त्याला वही लागत नाही. वक्त्याने कोणाला देशद्रोही, फॅसिस्ट, गद्दार म्हटलं की विचारायचं: त्याने काय केलं, कधी केलं, कुठे नोंद आहे? उत्तर आलं तर ते कान देऊन ऐकायचं, आपल्या पक्षाविरुद्ध असलं तरी. उत्तर आलं नाही तर आपला मूळ प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि शेजारच्यानेही तोच विचारायचा. इंदूरकडून कान्ह नदीतून क्षिप्रेत येणारं घाण पाणी २०२८ च्या सिंहस्थाआधी कसं थांबवणार? विनोद मिल बंद पडल्यावर कामगारांची देणी इतकी वर्षं का रखडली? सोयाबीनला हमीभाव कोण देणार? त्या फितीतला म्हातारा एकटा होता म्हणून खाली बसला. चार जण त्याच्याबरोबर उभे राहिले असते, तर वक्त्याला भाव सांगावा लागला असता.